मान उचलत नव्हती, हे तुला दिसलं होतं

पत्र असं आलं आहे (थोडं छोटं केलंय) :

"नमस्ते मॅडम, मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावची. बीएस्सी फिजिशियन असिस्टंट केलं, वर्षाची इंटर्नशिप झाली, आता चार महिन्यांपासून एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या ८ बेडच्या आयसीयूत आहे. नाइटला मी, दोन सिस्टर अन् एक ब्रदर. आरएमओ (ड्युटीवरचे डॉक्टर) सर खाली कॅज्युअल्टीत असतात, फिजिशियन सर घरून फोनवर. मागच्या महिन्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेला ३४ वर्षांचा पेशंट होता, तिसरा दिवस. अट्रोपिन या औषधावर छाती कोरडी, नाडी ११०, मास्कवर सॅच्युरेशन ९७. रात्री २ वाजता चादर बदलताना लक्षात आलं की त्याला उशीवरून मान उचलता येऊन नाही राहिली. मला कसंतरीच वाटलं. पण आदल्या रात्री फोन केला तर सर म्हणाले होते, 'एवढ्याशा गोष्टीसाठी झोपमोड कायले करता?' म्हणून नाही केला. पावणेचारला तो घामाघूम झाला, बोलेना, सॅच्युरेशन ८१. आरएमओ सर धावत आले, ट्यूब टाकली. ९ दिवस व्हेंटिलेटरवर होता. वाचला, आता जनरल वॉर्डात आहे. पण मला झोप लागत नाही. मॅडम, मी डॉक्टर नाही, सिस्टर पण नाही, मग आयसीयूत मी आहे तरी कोण? क्रिटिकल केअर शिकायचं कुठून? बाबा म्हणतात नाइट सोड अन् एमपीएससीची तयारी कर."

पोरी, त्या रात्री २ वाजता तुला जे दिसलं ना, ते मला एमडी झाल्यावरही पहिली दोन-तीन वर्षं दिसलं नसतं. खरं सांगते. चादर बदलताना मान लोंबकळते आहे हे लक्षात येणं, अन् त्याने पोटात गोळा येणं, हे फार मोठं आहे. तुझी चूक त्यानंतरची आहे, आणि त्यावर मी बोलणार आहेच, पण आधी तू नक्की काय पाहिलंस ते समजून घे, कारण मला वाटतं ते तुला अजून कोणी नीट सांगितलंच नाही.

ऑर्गॅनोफॉस्फेटच्या (फवारणीच्या बऱ्याच औषधांत असतं ते विष) विषबाधेत पहिल्या दिवशीचा पेशंट सगळ्यांना ओळखू येतो. तोंडातून फेस, घाम, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, छातीत खळखळ. अट्रोपिन दर ५ मिनिटांनी दुप्पट करत न्यायचं, छाती कोरडी होईपर्यंत, हे आपल्याकडची सिस्टरसुद्धा झोपेत सांगेल. पण अट्रोपिन स्रावांवर आणि हृदयावर काम करतं, हातापायाच्या, मानेच्या, श्वासाच्या स्नायूंवर त्याचा काहीच उपयोग नाही. म्हणून होतं काय की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छाती कोरडी, नाडी चांगली, बाहुल्या मोठ्या, चार्टवर सगळं छान, नातेवाईक सुटी कधी विचारून राहिले, आणि नेमकं तेव्हाच, विष अंगात गेल्यापासून साधारण २४ ते ९६ तासांत, स्नायू गळायला लागतात. सगळ्यात आधी मान. मग खांदे, मांड्या, पापण्या, गिळणं, आणि श्वास. याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात, श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ साली त्याचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं, म्हणजे आपल्यासारख्याच शेतीवाल्या देशात, आपल्यासारख्याच पेशंटांवर. यावर औषध असं काही नाही, वेळेत ट्यूब आणि व्हेंटिलेटर हाच उपचार, बहुतेकांचे स्नायू ५ ते १८ दिवसांत परत येतात. तुझ्या पेशंटला ९ दिवस लागले, म्हणजे अगदी पुस्तकातल्यासारखं.

आता ते ९७ सॅच्युरेशन. याने तुला फसवलं, आणि याने मोठमोठ्यांना फसवलंय. श्वास उथळ झाला की आधी कार्बन डायऑक्साइड साठतो, ऑक्सिजन नंतर पडतो, त्यातही पेशंट ६ लिटर ऑक्सिजनच्या मास्कवर असला तर सॅच्युरेशन शेवटपर्यंत चांगलं दिसत राहतं आणि मग एकदम कोसळतं. बोटातल्या त्या क्लिपला कार्बन डायऑक्साइड कळतच नाही ना.

आयसीयू नावाची गोष्ट सुरू झाली तीच मुळात यातून. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली होती, श्वास लुळा पडलेले पेशंट एकामागे एक दगावत होते. रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसत होतं, डॉक्टर लोक त्याला वेगळंच काही समजत होते. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने सांगितलं की हा साठलेला कार्बन डायऑक्साइड आहे, यांना श्वास कमी पडतोय. १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र करवून त्याने हाताने बॅग दाबून श्वास द्यायला सुरुवात केली, ती जगली. मग तेवढी मशीनं कुठून आणायची, तर मेडिकलच्या दीड हजाराच्या आसपास विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोन् महिने, रात्र-रात्र हाताने बॅग दाबली. ती पोरं डॉक्टर नव्हती, सिस्टरही नव्हती. तू विचारतेस ना आयसीयूत मी कोण, तर एक उत्तर इथे आहे.

आता चूक. २ ते पावणेचार. पावणेदोन तास तू त्या गोष्टीसोबत एकटी बसलीस. सरांना फोन नाही केलास, समजू शकते, रागावलेला माणूस परत उठवायला छातीत धडधडतं. पण आरएमओ खाली होते पोरी. जिना उतरायला एक मिनिट लागतो. सिस्टरला तरी म्हणायचं होतंस, "ताई, याची मान बघा बरं जरा." तू कोणालाच बोलली नाहीस, आणि जे एकट्याच्या पोटात राहतं त्याचा पेशंटला काही उपयोग होत नाही. हे कडक वाटेल, पण मी हे तुला बोलते आहे कारण मी स्वतः यातून गेली आहे आणि माझा पेशंट वाचला नव्हता.

१९९४ सालची गोष्ट, मी रेसिडेंट होते. पावसाळ्यात पहाटे ११ वर्षांचा एक पोरगा आणला, रात्री जमिनीवर झोपलेला, पोटात दुखते म्हणून रडत उठला, दोन उलट्या. अंगावर कुठे खूण नाही, सूज नाही. मी पोटाचं दुखणं समजून सलाईन लावलं. त्याची माय तासाभराने आली, म्हणे, "मॅडम, हा पापण्या उचलून नाही राहिला जी." मी पाहिलं, म्हटलं रात्रभर जागलाय, झोपू द्या त्याला. ती झोप नव्हती. त्याला मण्यार साप चावला होता. मण्यार चावलेलं दुखत नाही, दात दिसत नाहीत, जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावतो आणि पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या, मग श्वास. पाऊण तासाने मी बॅग दाबायला सुरुवात केली तेव्हा उशीर झालेला होता. त्या मायने मला बरोबर सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नाही. त्यानंतर आजपर्यंत कुठलाही नातेवाईक "हा रोजच्यासारखा नाही दिसत" म्हणाला की मी हातातलं काम टाकून उठते.

तर आता फोन कसा करायचा ते सांगते, कारण बरेचदा सर चिडतात ते फोन आल्यामुळे नाही, फोनवर काय चाललंय ते कळत नाही म्हणून. "सर, बेड ४ चा पेशंट कसातरी करून राहिला" असं ऐकलं की झोपेतला माणूस वैतागणारच. फोन उचलण्याआधी २ मिनिटं बेडजवळ उभी राहा. घड्याळ लावून पूर्ण १ मिनिट श्वास मोज, १५ सेकंद मोजून चारने गुणू नको. मान उचलायला लाव, किती सेकंद धरतो बघ. खोल श्वास घेऊन एका दमात आकडे मोजायला लाव, मराठीत, एक दोन तीन, जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत. हे संध्याकाळी पण करून ठेवलेलं असलं तर सोन्याहून पिवळं. आणि मग असं बोल :

"सर, बेड ४, फवारणीचा पेशंट, तिसरा दिवस. संध्याकाळी एका श्वासात २२ पर्यंत मोजत होता, आता ९ वर थांबतो. मान उचलत नाही. श्वास ३२, सॅच्युरेशन ६ लिटरवर ९७, छाती कोरडी. मला वाटतं श्वासाचे स्नायू थकले. आरएमओ सरांना वर बोलावलंय, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) पाठवते. तुम्ही येता का, की ट्यूबची तयारी करू?"

अर्ध्या मिनिटाचं बोलणं आहे. कोण, काय झालं, आधी कसा होता, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. हे ऐकून जो फिजिशियन परत झोपेल असा मला तरी भेटलेला नाही. आणि "मला वाटतं" हे म्हणायला घाबरू नको, तुला वाटलेलं चुकीचं निघालं तरी चालेल, त्यासाठीच सर आहेत.

दुसरं, सरांशी दिवसा बोल, राउंड संपल्यावर, चहाच्या वेळी. भांडायला नाही. म्हण की सर, रात्री तुम्हाला कधी उठवायचंच हे मला लिहून द्या. श्वास ३० च्या वर किंवा ८ च्या खाली, वरचं बीपी ९० च्या खाली, लघवी दोन तास सलग वजनाच्या किलोमागे तासाला अर्धा एमएलपेक्षा कमी, शुद्धीत काहीही फरक, विषबाधा नाहीतर सापाच्या पेशंटची मान किंवा पापणी. आकडे ते त्यांच्या पद्धतीने वरखाली करतील, करू दे. पण शेवटची ओळ तू आग्रहाने टाकून घे : "स्टाफला काळजी वाटली तर." ही काही मी काढलेली गोष्ट नाही, परदेशातल्या हॉस्पिटलांत इमर्जन्सी टीम बोलावण्याच्या निकषांत ही ओळ कधीची असते, कारण अनुभव असा आहे की बेडजवळच्या माणसाला आकडे बिघडायच्या आधी कळतं. तो कागद लॅमिनेट करून भिंतीला लाव. मग तुझा फोन हा तुझा आगाऊपणा राहत नाही, सरांचाच नियम होतो.

तू कोण आहेस, यावर थोडं अजून. अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीत १९६५ साली डॉ. यूजीन स्टीड यांनी पहिली फिजिशियन असिस्टंटची बॅच सुरू केली ती नौदलातून परत आलेल्या वैद्यकीय सेवकांना घेऊन, ज्यांना हातचं काम येत होतं पण डिग्री नव्हती. आपल्याकडे १९९२ साली चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांनी हार्ट सर्जरीसाठी हे सुरू केलं. आणि २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या केंद्रीय कायद्यात फिजिशियन असोसिएट म्हणून तुमचा उल्लेख आहे, म्हणजे तू हवेत नाहीस. पण अमेरिकेतले पीए रात्री आयसीयू सांभाळतात, सेंट्रल लाइन टाकतात, ट्यूब टाकतात, हे व्हिडिओत पाहून इथे तसं करायला जाऊ नको. त्यांच्यातले बरेच जण डिग्रीनंतर वर्षभराचं वेगळं क्रिटिकल केअरचं ट्रेनिंग करतात, आणि तिथलं लायसन्स वेगळं, कायदा वेगळा. इथे तू डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करतेस. औषधाचा निर्णय त्यांचा, प्रोसिजर ते समोर असताना आणि त्यांनी शिकवल्यावर. आणि एक गोष्ट पक्की पाळ : पायऱ्यांवर डबा घेऊन बसलेले नातेवाईक तुला "डॉक्टरीनबाई, वाचन का जी आमचा माणूस?" म्हणतील, तेव्हा तिथल्या तिथे सांग की मी डॉक्टर नाही, डॉक्टरांची असिस्टंट आहे, वाचेल की नाही ते सर सांगतील, पण आत्ता आत काय चालू आहे ते मी सांगते. त्यांना तेवढं पुष्कळ असतं. दोन एकर विकायला काढलेल्या माणसाला कोणीतरी खाली बसून, त्याच्या भाषेत, नळी कशाला टाकली ते सांगावं, एवढीच त्याची अपेक्षा असते आणि तेवढंही बहुतेक ठिकाणी होत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

शिकायचं कुठून? बीएलएस, एसीएलएस (हृदय-श्वास बंद पडला तर काय करायचं त्याचे कोर्स) झालं नसेल तर आधी ते कर. दोन दिवसांचा फंडामेंटल क्रिटिकल केअर सपोर्टचा कोर्स नागपूरला किंवा कुठे जवळ लागला तर पैसे जमवून कर, उपयोगी आहे. पण परदेशी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला बसू नको, तुझ्या ८ बेडवर जे येतं तिथून सुरू कर. आपल्या भागाचा आयसीयू ऋतूप्रमाणे बदलतो. एप्रिल-मेमध्ये उष्माघात, अंगाचं तापमान ४० च्या वर आणि पेशंट बडबडतो नाहीतर बेशुद्ध, याला पॅरासिटामॉलने काही होत नाही, आधी पाणी, बर्फ, पंखा, बाकी कागदपत्रं नंतर. पाऊस पडला की साप. घोणस, फुरसं असेल तर रक्त गोठतं का ते बघायचं, काचेच्या कोरड्या नव्या टेस्ट ट्यूबमध्ये २ एमएल ताजं रक्त, २० मिनिटं हलवायचं नाही, मग वाकडी करून बघायची. ट्यूब साबणाने धुतलेली असली किंवा प्लास्टिकची असली तर रिपोर्ट चुकतो, आणि या एका कारणाने किती गडबड होते विचारू नको, त्यामुळे ट्यूबचा डबा तू तुझ्या ताब्यात ठेव. लहान मुलाला सर्पविषावरचं औषध मोठ्याएवढंच लागतं, साप विष मोजून देत नाही. पावसाळ्याच्या शेवटी ताप आणि दम घेऊन येणाऱ्याचे कपडे काढून काख, जांघ, कमरेचा नाडा बांधतात ती जागा, स्तनाखाली, सगळं बघ, सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग दिसला की स्क्रब टायफस (बारीक किडा चावून होणारा ताप), सरांना लगेच सांग, डॉक्सिसायक्लिन किती लवकर सुरू होतं त्यावर बरंच अवलंबून असतं. सिकलसेलचं पोरगं छातीत दुखतं म्हणालं तर ते साधं दुखणं समजू नको. आणि कपाशी वाढली की फवारणी. २०१७ ला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो आजारी पडले, ते दिवस मी विसरू शकत नाही, वॉर्डात जमिनीवर गाद्या टाकल्या होत्या.

अजून एक, शिंप्याची टेप विकत घे, ३० रुपयांची, खिशात ठेव. व्हेंटिलेटरवर गेलेल्या प्रत्येकाची उंची मोजून सरांना सांग. फुप्फुसं खराब झालेल्याला श्वास किती मोठा द्यायचा हे उंचीवरून ठरतं, वजनावरून नाही, कारण माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. बाईची उंची १६० सेंटिमीटर असेल तर हिशोबाचं वजन ५२ किलोच्या आसपास येतं, किलोमागे ६ एमएलने एक श्वास ३१५ एमएलच्या जवळपास, मग ती प्रत्यक्षात ७५ किलोची असो. अमेरिकेतल्या २००० सालच्या मोठ्या अभ्यासात असा छोटा श्वास दिल्याने मृत्यू ४० टक्क्यांच्या आसपासवरून ३१ वर आले. एवढा फरक, आणि सुरुवात एका टेपपासून. बीपीचं पण तसंच, मॉनिटर बघायच्या आधी तर्जनीचं टोक १० सेकंद दाबून सोड, रंग यायला ३ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर शॉकचा (अवयवांना रक्त कमी पडण्याचा) विचार कर. या गोष्टी करायला तुला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

बाबांचं. ते चुकीचं काही बोलत नाहीत, पोरीची नाइट म्हणजे बापाचीही नाइट असते. त्यांना एकदा दुपारी हॉस्पिटलात घेऊन ये, तू कुठे बसतेस, रात्री कोण सोबत असतं, दाखव. हॉस्पिटलला म्हण की नाइट संपल्यावर उजाडेपर्यंत थांबायला कडीवाली खोली पाहिजे, हे मागणं अगदी रास्त आहे. वर्षभर कर, मग बाबांसोबत बसून ठरव. पण त्या एका रात्रीमुळे सोडून जाऊ नको, कारण ज्या पोरीला मान लोंबकळलेली दिसते अशी माणसं आपल्याकडे आधीच कमी आहेत.

आणि झोपेचं, ती लगेच नाही येणार. उद्या ड्युटीच्या आधी जनरल वॉर्डात जा त्याच्याकडे. उशी काढून मान उचलायला सांग, सेकंद मोज, एका श्वासात आकडे मोजायला लाव, दोन्ही केसपेपरवर लिहायला सिस्टरला सांग, दोन दिवस सलग वाढत असेल तर चांगलं. मग त्याच्या बायकोला जवळ बसवून समजाव की हे विष अंगातलं जे एन्झाइम बंद पाडतं, ते भरून यायला कित्येक आठवडे लागतात, वरून बरा दिसला तरी, आणि तेवढ्यात परत पंप पाठीवर घेतला तर फवारणीच्या थोड्याशा औषधानेही पहिल्यापेक्षा जास्त त्रास होईल. या हंगामात फवारणी नाही. मजुरी बुडते म्हणेल ती, बरोबर आहे तिचं, म्हणून सरांकडून तसं सुटीच्या कागदावर लिहून घे, म्हणजे मालकाला दाखवता येईल.